नारळ उभा राहिला, रिपोर्ट लाल आला

माझ्या वडिलांना कॅन्सर झालाय हे मला शाळेच्या स्टाफरूममध्ये, मधल्या सुट्टीत, डब्यातली मेथीची भाजी खाताना कळलं. गावातल्या एका बाईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडल्याची चित्रं पाठवली होती आणि खाली लिहिलं होतं, 'ताई, बाबांच्या कॅन्सरचं कळलं, धीर धरा, देवाची मर्जी.' मी घाबरून बाबांना फोन लावला. ते शेतात हरभऱ्याला पाणी देत होते आणि आवाज नेहमीसारखा खणखणीत होता. "काय गं, शाळा न्हाई का आज?" म्हणाले. साऱ्या गावाला कळलं होतं, पेशंटला तेवढं कळायचं राहिलं होतं.

हे असं कसं झालं ते सांगते. मी जाफराबादला हायस्कूलमध्ये गणित शिकवते. आमचं गाव तिथून टेंभुर्णीच्या बाजूला आहे. काळीपिवळी जीप भरायला जेवढा वेळ लागतो तेवढाच पोचायला लागतो. त्या हिवाळ्यात तालुक्यातल्या एका पुढाऱ्याचा वाढदिवस आला. पूर्वी पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला पोरांना वह्या वाटायचे, आता लोकांचं रक्त काढतात. मारुतीच्या सभामंडपात 'महाआरोग्य शिबिर' भरलं. शहरातल्या कुठल्याशा लॅबची माणसं टेबलं मांडून बसली आणि मागे 'संपूर्ण शरीर तपासणी' असा फलक लागला. संपूर्ण शरीर म्हणजे हातातून काढलेल्या दोन नळ्या रक्त. गुडघे दुखणारा, कान वाहणारा, झोप न लागणारा, सगळ्यांच्या त्याच दोन नळ्या. काय होतंय, कधीपासून होतंय, हे विचारायची भानगड नव्हती. प्रत्येकाला पुढाऱ्याचा फोटो छापलेली पाण्याची बाटली मिळत होती, त्यामुळे ज्यांना काहीच होत नव्हतं तेही रांगेत उभे राहिले. साठीच्या पुढच्या पुरुषांसाठी एक खास सवलत होती, कॅन्सरच्या दोन-तीन 'मार्कर'ची, म्हणजे रक्तातल्या खुणांची, तपासणी. बाबांनी ती करून घेतली, कारण जादा तपासणीला जादा बाटली होती आणि आईला एक हवी होती.

चार-पाच दिवसांनी लॅबने सगळ्या गावाचे रिपोर्ट एकाच फायलीत बांधून शिबिराच्या आयोजकाकडे पाठवले. आयोजक पारदर्शक कारभाराचा माणूस. त्याने ती फाईल जशीच्या तशी गावाच्या ग्रुपवर टाकली आणि खाली सूचना दिली, 'ज्याने त्याने आपापला रिपोर्ट पाहावा. दुसऱ्याचा पाहू नये.' त्या संध्याकाळी आमच्या गावात जेवढं वाचन झालं तेवढं शाळा सुरू झाल्यापासून झालं नसेल.

लॅबच्या छपाईत एक सोय होती. जो आकडा ठरलेल्या मर्यादेत बसेल तो काळ्या अक्षरात, जो बसणार नाही तो जाड लाल अक्षरात. गावाने लगेच शास्त्र पक्कं केलं: काळं म्हणजे ठणठणीत, लाल म्हणजे गेला. बाबांच्या पानावर पीएसए नावाच्या एका मार्करसमोर लाल आकडा होता आणि कंसात कॅन्सर हा शब्द होता. बाकीचं वाक्य कुणी वाचलं नाही.

तो मेसेज आला त्या दिवशी मी शेवटचे दोन तास दुसऱ्या शिक्षकांवर टाकून गावाला गेले. तोपर्यंत बाबांनाही कुणीतरी सांगितलं होतं; ते ओसरीवर बसले होते. आई चुलीपाशी तोंडाला पदर लावून रडत होती. मला वाटलं, बाबा विचारतील की किती दिवस राहिलेत, किंवा उपचार होतो का. त्यांनी विचारलं, "भाऊला कळलं असंल का?"

भाऊ म्हणजे माझे मोठे काका, बाबांचे सख्खे थोरले भाऊ. त्यांचं घर आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, पण त्यांनी बारा वर्षांत आमचा उंबरा ओलांडला नव्हता. आणि त्याला कारण एक नारळ होता.

वाटण्या झाल्या तेव्हा दोघा भावांना शेजारी-शेजारी रान आलं, मध्ये एक बांध. काकांनी बोअर घ्यायचं ठरवलं आणि पाणी दाखवणारा पाणाड्या बोलावला. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून अनवाणी रानभर फिरला. काकांच्या आंब्याखाली नारळ ताडकन उभा राहिला. बोअरची गाडी आली, खडक फोडला, आणि वर आला नुसता पांढरा फुफाटा. पुढच्याच आठवड्यात त्याच पाणाड्याने बाबांच्या रानात, बांधाला लागून, नारळ उभा केला. तिथे पाणी लागलं. आता एखाद्या शहाण्या माणसाने यातून काय अर्थ काढावा? नारळाला खालचं काही दिसत नाही आणि ज्या रानात पाणी आहे तिथे तो कुणाच्याही हातावर उभा राहिला तरी खराच ठरतो. काकांनी वेगळा अर्थ काढला. त्यांच्या मते नारळ बिलकुल खरा होता, पण बाबांनी पाणाड्याला फितवून काकांच्या रानात मुद्दाम कोरडी जागा दाखवायला लावली होती. नारळावर संशय घेणं त्यांना जमेना, म्हणून तो भावावर घेतला. बाबाही कमी नव्हते. "माझ्यावर असा आळ घेतो? मंग गेला उडत," म्हणाले. तेव्हापासून बोलणं बंद. भाऊबंदांच्या लग्नात एका पंगतीला बसायचे, पण पाठ करून. रानात मात्र रोज समोरासमोर असायचे, एक बांधाच्या अलीकडे, एक पलीकडे, दोघांची नजर आपापल्या नांगराच्या तासात.

बाबा वरून कितीही तोऱ्यात असले तरी आतून त्यांना हे सलायचं, हे मला माहीत होतं. सणाला पुरणपोळी झाली की पहिल्या घासाला थांबायचे आणि म्हणायचे, "भाऊला कटाची आमटी लई आवडती." मग स्वतःच विषय बदलायचे. त्या संध्याकाळी ते मला म्हणाले, "मरायचं तर मरायचंच हाय गं. पण भाऊ एक डाव घरात यावा. बस, येवढंच."

दुसऱ्या दिवसापासून माणसं भेटायला येऊ लागली. आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला जाणं हे लग्नाला जाण्याइतकंच सक्तीचं असतं, आणि जाताना हातात काहीतरी लागतं. ते काहीतरी म्हणजे बिस्किटाचा पुडा, नाहीतर डझनभर केळी. आठवडाभरात आमच्या घरात एवढे पुडे साठले की आईने धान्याच्या कोठीवर थप्पी लावली आणि वर चादर टाकली. केळी तर गाईलासुद्धा पुरून उरली. आलेला माणूस आधी बाबांकडे बघून मान हलवायचा, मग त्यांच्यासमोरच त्याच आजाराने गेलेल्या आपल्या नात्यातल्या माणसाची गोष्ट सांगायचा, शेवटपर्यंत, आणि चहा पिऊन उठताना म्हणायचा, "पण तुमी काळजी करू नका."

बायकांचा प्रश्न एकच. "कुठं झालाय?" आता पीएसए ही पुरुषाच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीची तपासणी. हे आई चारचौघींत कशी सांगणार? ती म्हणाली, "पोटात." झालं, पोटाची औषधं यायला लागली. एकीने गव्हांकुराचा रस दिला, एकाने गोमूत्राची बाटली पाठवली, आणि पपईच्या पानांचा रस तर चार घरांतून आला, कारण आमच्याकडे तो सर्दीपासून सगळ्यालाच चालतो. बाबा दिवसभर हे सगळं पिऊन संध्याकाळपर्यंत खरोखर आजारी दिसू लागले. तेव्हा लोक म्हणाले, "बघा, किती झपाट्यानं पसरला."

आणि चौथ्या दिवशी काका आले.

मी तिथेच होते. ते अंगणात येऊन उभे राहिले, हातात बिस्किटाचा पुडा, पायातल्या चपला काढाव्या की नाही अशा विचारात. बाबा बाजेवर उठून बसले. शेवटी काका म्हणाले, "भारी थंडी हाय औंदा." बाबा म्हणाले, "हाय की. आत ये." काका उंबरा ओलांडून आत आले. आईने घाईघाईत पदर डोक्यावर घेतला आणि चहात साखर दोनदा टाकली. मला तर त्या लाल आकड्याचे आभार मानावेसे वाटले.

बसल्यावर काकांनी सदऱ्याच्या खिशातून एक चकचकीत कागद काढला. तो त्यांचा स्वतःचा रिपोर्ट होता. सगळं काळं आलं होतं, मार्करसुद्धा, म्हणून त्यांनी टेंभुर्णीला जाऊन तो लॅमिनेट करून आणला होता. "हे बघ," ते बाबांना म्हणाले, "मला काई न्हाई. बराबर सगळं. मंग म्या म्हणलं, आपल्याला देवानं बरं ठेवलंय तर भावाला बघाया जावं." त्यात थोडी फुशारकी होती, पण बाबांना त्याचं काही वाटलं नाही. त्यानंतर काका रोज सकाळी यायचे. दोघं ओसरीवर बसून बैलांच्या, लहानपणच्या विहिरीत पोहण्याच्या गोष्टी काढायचे. काका स्वतःच्या हाताने केळं सोलून बाबांना भरवायचे.

मी बाबांना जालन्याला मूत्रविकारांच्या एका डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर वयाने बरेच मोठे होते आणि स्वभावाने तिरसट. त्यांनी रिपोर्ट उलटा करून टेबलावर ठेवला आणि बाबांना विचारलं, "शिबिराच्या आधी लघवीला जळजळ होत होती का? ताप?" बाबांनी छताकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "पोरीला जरा भाईर पाठवा." मी गणिताची शिक्षिका, वयाने चाळिशीच्या पुढची, मुकाट्याने बाहेर जाऊन बाकावर बसले. दहा-पंधरा मिनिटांनी मला आत बोलावलं. शिबिराच्या आधी आठवडाभर बाबांना जळजळ होती, अंगात कणकणही होती, आणि लाजेपोटी त्यांनी ते आईलाही सांगितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "जंतुसंसर्गानेही हा आकडा चढतो. वयाने ग्रंथी वाढली तरी चढतो. औषध देतो, दीड-दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू. आणि एक सांगतो, मला कागदाच्या आधी माणूस दाखवत जा."

येताना एसटीत मी बाबांना ते समजावायला बसले. खिडकीची सीट, बाबा शांत, मला वाटलं आता आपलं शिक्षण कामी येईल. "समजा बाबा," मी म्हटलं, "तुमच्यासारखी हजार म्हातारी माणसं रांगेत उभी केली. त्यातल्या वीस जणांना खरोखर आजार आहे, समजा. टेस्ट चांगली आहे, ती विसातले पंधरा धरते. पण जे नऊशे ऐंशी बरे आहेत त्यातल्याही शंभरेक जणांना ती उगाच धरते. आता लाल अक्षरवाले किती झाले?"

"शंभर अन् पंधरा," बाबा म्हणाले. हिशोबाला ते पक्के आहेत.

"त्यातले खरे आजारी?"

"पंधरा."

"बघा. म्हणजे लाल आलं तरी बहुतेक माणसं ठणठणीत असतात. आजार जिथे मुळात कमी, तिथे लाल अक्षरावर भरवसा कमी."

बाबांनी बोटांवर हिशोब पुन्हा मांडला. मग म्हणाले, "मंग मी त्या पंधरात हाय का शंभरात?"

वर्गात असा प्रश्न कुणी विचारला असता तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं, कारण उत्तर मला येत नव्हतं. मी म्हटलं, "तेच तर पुन्हा तपासून कळणार." बाबा म्हणाले, "अन् ते पाच? विसातले पंधरा धरले म्हणलीस. राह्यलेल्या पाचाला कोण सांगतं?" मी म्हटलं, "त्यांना कुणीच सांगत नाही. त्यांच्या कागदावर सगळं काळं असतं." एवढ्यात कंडक्टर आला आणि सुट्ट्या पैशावरून शेजारच्या माणसाशी त्याचं जुंपलं. विषय तिथेच राहिला.

दोन महिने बाबांनी औषध घेतलं. हरभरा निघाला, उन्हं तापली. पुन्हा रक्त दिलं, सोनोग्राफी झाली, आकडा उतरून मर्यादेत आला. डॉक्टर म्हणाले, "कॅन्सर दिसत नाही. वर्षाने एकदा येऊन जा." मी दवाखान्याच्या पायरीवरच रडले. बाबांनी मला उसाचा रस पाजला आणि स्वतः दोन ग्लास प्याले. जीपमध्ये बसताना म्हणाले, "भाऊला सांगू नको."

"का?"

"तू सांगू नको म्हणलं ना."

मला वाटलं, एखाद-दोन दिवसांची गंमत असेल. पण नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांची चाहूल लागताच बाबांनी, त्या उन्हाळ्यात, अंगावर शाल ओढली आणि खोकायला लागले. आई आतून म्हणाली, "खोकता कशाला? त्या आजारात खोकला नसतो." बाबा कण्हायला लागले. काका गेले की उठायचे आणि रानात जाऊन दिवसभर ठिबकच्या नळ्या सरळ करायचे. मला राग आला आणि हसूही आलं. मी म्हटलं, "बाबा, हे किती दिवस चालणार?" ते म्हणाले, "मी बरा झालो का तो येणं बंद करीन. बरा माणूस बघाया कोण येतं?"

गावात बातमी तरीही फुटली, कारण आमच्या गावात फुटत नाही असं काही नाही. पण तिचा कुणावर परिणाम झाला नाही. पहिल्या रिपोर्टवर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्या माणसांनी दुसऱ्या रिपोर्टच्या बाबतीत एकदम चिकित्सक बुद्धी दाखवली. "डॉक्टर लोक खरं सांगत न्हाईत," कुणी म्हणालं. "त्यांनी घरच्यांना सांगितलं असंल, त्याला न्हाई," दुसरा म्हणाला. एका आजींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "खरं सांग, किती दिवस दिलेत?" काही जणांना जरा फसवल्यासारखंही वाटलं असावं, पुडे नेऊन दिले होते आणि माणूस मजेत हिंडत होता. काकांनी दोन्ही बातम्या ऐकल्या आणि वाईट ती खरी मानली. रोज येत राहिले.

आई कमी बोलते. एका दुपारी काका गेल्यावर तिने त्यांचं ताट उचललं आणि आम्हाला दाखवलं. अर्धी भाकरी तशीच होती, भाजीला बोट लावलेलं नव्हतं. "रोज असंच हाय," ती म्हणाली. "कमरेच्या पट्ट्याला खिळ्यानं नवी भोकं पाडलेत. तोंडावर रंग न्हाई. अन् बसल्या जागेवरून घडीघडी परसाकडं जातेत. म्या इचारलं तर म्हणले मूळव्याध हाय, रगत जातं, जुनंच हाय. दवाखान्यात जावा म्हणलं तर खिशातला कागुद दाखवला."

इतके दिवस बाबा आणि काका एका ओसरीवर बसत होते. एक जण सुकत चालला होता आणि केळं सोलून दुसऱ्याला भरवत होता, कारण दुसऱ्याचं अक्षर लाल होतं. आम्ही सगळ्यांनी कागद वाचले होते, माणसाकडे कुणी नीट बघितलं नव्हतं. बाबांनी अंगावरची शाल काढून बाजूला टाकली.

"ते राह्यलेले पाच," ते मला म्हणाले. "तू म्हणली व्हती ना. ज्यांच्या कागदावर सगळं काळं असतं."

मी त्याच दुपारी जालन्याच्या डॉक्टरांना फोन केला. वजन, रक्त, घडीघडी परसाकडे जाणं, सगळं सांगितलं. ते पलीकडून खेकसले, "तो रिपोर्ट फेकून द्या आणि माणूस आणा. आतड्याच्या आजारात रक्तातला मार्कर पुष्कळदा चांगलाच येतो." पण काकांना न्यायचं कसं? माझ्या चुलतभावाने, काकांच्या मुलाने, आधीच प्रयत्न करून पाहिला होता. काकांचं उत्तर ठरलेलं होतं: संपूर्ण शरीर तपासून झालंय, आता काय शरीराच्या बाहेरचं तपासायचं?

तेव्हा बाबांनी शाल पुन्हा अंगावर घेतली. सकाळी काका आले तसं ते कण्हत म्हणाले, "भाऊ, उद्या जालन्याला मोठी तपासणी हाय माझी. पोरीसंगं जायला लाज वाटती, नको नको ते इचारतेत. तू चल." काका लगेच म्हणाले, "चल की. त्यात काय येवढं." त्यांनी संध्याकाळीच दाढी करून घेतली आणि भावाला वाटेत लागतील म्हणून केळी पिशवीत भरली.

मी फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे डॉक्टरांनी दोघांना एकदमच आत घेतलं. मी नेहमीप्रमाणे बाहेर. बाबांनी मागाहून सांगितलं ते असं. डॉक्टरांनी बाबांची नाडी धरल्यासारखं केलं आणि म्हणाले, "तुमच्यासोबत आलेत त्यांचंही बघून टाकू, आले आहेत तर." काकांनी अभिमानाने लॅमिनेट केलेला कागद पुढे केला. डॉक्टरांनी तो हातात घेतला, न वाचता बाजूला ठेवला आणि काकांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. आतला भाग पांढराफटक होता. मग त्यांनी प्रश्न विचारले, शिबिरात कुणीच विचारले नव्हते ते सगळे. त्यांच्याच दवाखान्यात पोटाचे सर्जन होते. त्यांच्याकडे काकांची दुर्बिणीची तपासणी झाली, तुकडा तपासायला गेला, आणि आठवड्याने निकाल आला. मोठ्या आतड्याला गाठ होती, ती कॅन्सरची होती, आणि तिला बरेच दिवस झाले होते. ऑपरेशन करायचं ठरलं.

ऑपरेशन झालं. काकांनी त्यानंतर दोन पेरण्या बघितल्या, दुसऱ्या पेरणीला तर बांधावर बसून सगळ्यांना शिव्याही घातल्या. तिसरी त्यांना बघता आली नाही. लवकर आले असते तर, असं डॉक्टर एकदाच म्हणाले. ऑपरेशनचं कळल्यावर गावातले लोक काकांच्या घरी बिस्किटं घेऊन जायला लागले होते. आईने आमच्याकडची थप्पीही तिकडेच पोचवली होती. पण मला आठवते ती निकाल कळला त्या दिवशीची दुपार.

दवाखान्याच्या बोळात लाकडी बाक होता. दोघे भाऊ त्यावर बसले होते, मधे केळ्यांची पिशवी. मी समोर भिंतीला टेकून उभी होते. काका खिशातला तो चकचकीत कागद काढून उलटसुलट करत होते. रागाने नाही, नुसतेच.

बाबा म्हणाले, "भाऊ, मला काई झालेलं न्हाई. लई दिवस झाले, रिपोर्ट चांगला आल्ता माझा. तुला सांगितलं न्हाई."

"का?"

"तू येणं बंद केलं असतं."

काकांनी मान हलवली. त्यांना ते पटलं असावं. मग म्हणाले, "मी वर्षभरापासून वाळून राह्यलोय. तू बांधाच्या अल्याडून रोज बघत व्हतास. तुला दिसलं न्हाई का?"

"दिसत व्हतं."

"मंग?"

बाबांनी खांद्यावरची दस्ती तोंडावर धरली आणि ते रडायला लागले, आवाज न दाबता, येणारे-जाणारे बघत असताना. मी त्यांना असं रडताना कधी बघितलं नव्हतं.

काकांनी पिशवीतलं एक केळं काढलं, सोललं, आणि सवयीने बाबांच्या तोंडासमोर धरलं.

"खा," ते म्हणाले. "तुला तर काईच झालं न्हाई."